खाऱ्या विहिरीचा फिकट पिवळा रंग

परवा लेकीच्या सोसायटीतल्या स्विमिंग पूलवर गेले होते, नातीला सोबत म्हणून. मी काठावर टेकते न टेकते तोच नात म्हणाली, "आजी, हा खाऱ्या पाण्याचा पूल आहे... यात क्लोरीन लागतच नाही!"

मला असं हसू फुटलं की शेजारच्या बाई वळून बघायला लागल्या. जवळजवळ हेच वाक्य मी सत्तरच्या दशकात वाशिमकडच्या एका खेड्यात ऐकलं होतं... आणि त्यावरून अख्ख्या गावाशी भांडलेही होते.

नर्स म्हणून माझी पहिलीच नेमणूक, आसेगावच्या अलीकडच्या एका गावात. गावाला दोन विहिरी. एक गोडी, प्यायची. दुसरी खारी, पायऱ्यांची, उन्हाळाभर पोहायची.

सकाळ-संध्याकाळ पोरं, आणि भर दुपारी, बाप्ये जेवून आडवे झाले की मुली. ही दुपारची पाळी मी सुरू केलेली! माझं माहेर नदीकाठचं... पाठीला सुका भोपळा बांधून सात-आठ मुली मी पोहण्यात तयार करत आणल्या होत्या.

एप्रिलमध्ये पोराटोरांचे डोळे आले, पाठोपाठ जुलाब. मी सरपंचदादांना म्हटलं, खारीत ब्लीचिंग पावडर टाकू या. दादा हसले. "बाई, खाऱ्या पान्यात कायचा किडा? लोनचं नासते काय कधी? पोरी उतराले लागल्या तवापासून हे सुरू झालं. आठवडी बजारापर्यंत पाह्यतो, नाई तर पायऱ्यांवर काटे टाकतो."

विहीर बंद झाली असती तर पोरं दूरच्या नाल्यावर गेली असती. मुलींना कोण पाठवणार होतं? काटे पडले की माझ्या मुलींचं पोहणं संपलं, एवढं सरळ होतं ते.

तालुक्याहून पावडरचा डबा आणला आणि घरी ठेवला. घर म्हणजे विमलकाकूंकडची भाड्याची खोली. किराणा दुकानवाले जैन कुटुंब, पाणी गाळल्याशिवाय ओठाला न लावणारं. मग दोन दिवस लसीकरणासाठी फिरतीवर गेले.

आल्यावर दोराला दगड बांधून विहिरीचं पाणी मोजलं. पावडर बादलीत कालवली, चुना तळाला बसू दिला आणि वरचं निवळलेलं पाणी विहिरीत सोडलं. तासाभराने काचेच्या नळीत विहिरीचं पाणी घेऊन तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले.

क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. फिकट पिवळं म्हणजे बेताचं, गर्द म्हणजे जास्त. माझं पाणी... जसंच्या तसं! काठावर निम्मं गाव जमलेलं. "बाईची जादू चालली नाई," कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

घरी येऊन डब्यात नाक घातलं, तर वासच नाही. "काकू, डब्याला कुणी हात लावला?"

काकूंनी मोठ्या कौतुकाने सांगितलं, "वल्ली लागली व माय मले, गोये झाले होते. म्या पापडाच्या खाटेवर दोन दिवस कडक ऊन देलं, चाळून भरली. वासई गेला पाहा सारा!"

तुरीला, मिरचीला, शेवयांना ऊन देणारं घर ते... त्यांनी पावडरलाही दिलं! क्लोरीन उडून गेला होता आणि डब्यात उरला होता नुसता चुना. मला राग आला, चांगलाच आला. पण काकूंचा तो प्रसन्न चेहरा बघून ओरडवेना. वास हाच या पावडरचा जीव असतो, एवढंच समजावलं. काकू मटकन खाली बसल्या.

बाजाराला एकच दिवस उरला होता. सकाळच्या एसटीने तालुक्याला गेले आणि मांडीवर नवा डबा घेऊन परतले... अख्खी गाडी नाकाला रुमाल लावून बसलेली. संध्याकाळी पावडर कालवताना बादली धरायला काकू स्वतः आल्या.

बाजाराच्या दिवशी सकाळी थेंब टाकले, तर पाणी गर्द नारिंगी. जास्त झालं होतं! बाजूला बाभळीच्या काट्यांची गाडी उभी, दादा समोर. "झालं ना पिवळं? मग उतरवा पोरी."

"इतक्यात नाही. डोळे झोंबतील. प्रमाणात येईपर्यंत कुणीही उतरायचं नाही." नोकरीला वर्षही झालं नव्हतं... पण आवाज खणखणीत निघाला.

मग ऊन कामाला लागलं. दर तासाला मी थेंब टाकत होते. नारिंगी, पिवळा... आणि मुलींच्या वेळेला, अगदी हवा तसा फिकट पिवळा! ज्या उन्हाने काकूंच्या खाटेवर पावडर मारली, त्यानेच माझं प्रमाण जुळवून दिलं.

पण पायरी कुणी उतरेना. आया मुलींचे हात घट्ट धरून उभ्या. तेवढ्यात काकू पुढे झाल्या, आपल्या लेकीच्या, उषाच्या पाठीला भोपळा बांधला आणि म्हणाल्या, "पावडर म्या बिघडवली, तं पयली पोरगी बी माहीच उतरन."

उषाने उडी मारली. मग एकेक करत सगळ्याच उतरल्या. दादांनी काट्यांची गाडी शेताच्या कुंपणाकडे वळवायला सांगितली.

त्या उन्हाळ्यात खारीचा रंग तपासायचं मी एक दिवसही चुकवलं नाही. डोळे येणं, जुलाब हळूहळू थांबले. काकूंचे उपकार तर मी आजही विसरलेले नाही.

हे सगळं नातीला सांगत होते तेवढ्यात पूलवाला दादा पाणी तपासायला आला. तो म्हणाला, "आजी, क्लोरीन लागतंच. इथलं मशीन मिठापासूनच ते बनवतं." त्याने नळीत थेंब टाकले... तोच फिकट पिवळा. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

नात पाण्यात पाय सोडून म्हणाली, "आजी, तू नोकरीत अजून काय काय केलंस गं?"

बाळंतपणं केली, लसी टोचल्या, साथी पाहिल्या. पण तोंडून निघालं ते एवढंच... "एक विहीर उघडी ठेवली."