भिंगकाका आणि अकरावं कलम

कारखान्यात त्यांना कुणी नावानं हाक मारत नसे. हत्यारांच्या स्टोअरची खिडकी उघडली की आत एक टक्कल, टकलाखाली जाड चष्मा आणि चष्म्यानंही भागत नाही म्हणून हातात भिंग, एवढंच दिसायचं. परत आलेलं प्रत्येक ड्रिल, भोक नेमक्या मापाचं करणारा प्रत्येक रीमर ते भिंगाखाली धरत आणि मग वर मान करून आणणाऱ्याकडेही त्याच नजरेनं बघत. म्हणून भिंगकाका. माणसांवर त्यांचा विश्वास नव्हता असं नाही. हत्यारांवर असतो तेवढा होता, म्हणजे तपासल्यावर.

त्यामुळे तो पंपांचा कारखाना एका जपानी कंपनीनं घेतला आणि ‘जपानी भाषा व कामाची पद्धत’ असा वर्ग निघाला, तेव्हा काकांच्या मनात पाल चुकचुकली. शिफ्ट सुटल्यावर, कँटीनच्या वरच्या हॉलमध्ये, आठवड्यातून दोनदा, फुकट. वर चहा-बिस्किटं.

“पिंजऱ्यात उंदराला तरी इतकं ठेवतात का रे?” ते टर्नरला म्हणाले. टर्नर त्यांच्याच वर्षी कामाला लागलेला, काकांना अरे-तुरे करणारा एकमेव माणूस.

“मग जाऊ नकोस.”

“वा! आणि आत काय शिजतंय ते कळणार कसं?”

अशा रीतीनं भिंगकाका चौपन्नाव्या वर्षी विद्यार्थी झाले.

संशयाला कारण होतं. आधीच्या मालकांनी एकदा ‘सुधारणा सुचवा’ अशी योजना काढली होती. तेव्हा स्टोअरमध्ये दोघं असत. काकांच्या जोडीदारानं हौसेनं लिहून दिलं की मांडण्या अशा अशा लावल्या तर दोघांचं काम एकटा करू शकेल. सूचना सगळ्यांना फार आवडली. टाळ्या वाजल्या, प्रमाणपत्र मिळालं आणि पुढच्याच महिन्यात सूचना अमलात आली. जोडीदार प्रमाणपत्र घेऊन घरी गेला. तेव्हापासून कुणी काकांना “तुमचं मत काय?” असं विचारलं की त्यांचा हात आपोआप खिडकीच्या कडीकडे जाई. निवृत्तीला चार वर्षं होती, मुलीच्या नर्सिंगची दोन उरली होती. ती होईपर्यंत ही खिडकी टिकली पाहिजे, एवढंच त्यांचं मागणं.

शिकवणाऱ्या बाई त्यांच्या मुलीपेक्षा फार तर पाच वर्षांनी मोठ्या. पुस्तकात बाजारहाट नव्हता की स्टेशनचा रस्ता नव्हता. सगळं ऑफिस. बैठकीत कोण कुठे बसतं, वाईट बातमी वरच्याला आधी कशी सांगायची, साहेबाच्या साहेबासमोर आपल्या साहेबाबद्दल कसं बोलायचं.

“‘अडचण आली की लगेच कळवा,’” काकांनी धडा मोठ्यानं वाचला आणि हात वर केला. “बाई, कळवणाऱ्याचं पुढे काय झालं, ते कितव्या धड्यात आहे?”

वर्ग हसला. बाईही हसल्या. “काका, तेवढा धडा पुस्तकवाल्यांनी गाळलाय.”

घरी काका कपाटाच्या आरशासमोर वाकण्याचा सराव करत. “माझ्यासमोर नाही कधी वाकलात ते,” बायको म्हणाली. “बरं, कळतंय का काही?”

“गड्याची भाषा आली की गड्याचा डाव निम्मा कळतो.”

“तीस वर्षं माझी भाषा येतेय तुम्हाला. काय कळलं?”

यावर काकांनी पुस्तकात तोंड घातलं. पण अभ्यास मात्र इमानानं केला. वर्षभरात शब्दकोश घेऊन बसलं की कंपनीचं साधं पत्र त्यांना लागू लागलं. इतर विद्यार्थी बिस्किटांपुरते उरले होते.

मग तो धडा आला. बाईंनी फळ्यावर झाड काढलं. “मोठं झाड दुसरीकडे लावायचं असेल तर एकदम उपटत नाहीत. आधी मुळांभोवती थोडं थोडं खणतात, मुळं तयार करतात, म्हणजे झाडाला धक्का बसत नाही. याला म्हणतात नेमावाशी. ऑफिसातही तसंच. बैठकीआधी एकेकाला गाठून, गप्पा मारत, प्रत्येकाचं मन वळवून घ्यायचं. बैठकीत फक्त माना हलतात.”

काकांच्या हातातली पेन्सिल थांबली. गेले तीन आठवडे त्यांच्या खिडकीशी विचित्र वर्दळ होती. उत्पादनाच्या साहेबांनी सहज म्हणून विचारलं होतं, दिवसात किती माणसं येतात हो इथे? जपानी साहेब, हडकुळा, अबोल माणूस, समोरच्या खांबाशी अर्धा तास घड्याळ घेऊन उभा होता. परवा कुणीतरी लेथपासून खिडकीपर्यंतची पावलं मोजून गेलं होतं. सुटं सुटं बघितलं तर काहीच नाही. एकत्र बघितलं तर खणणं चालू होतं.

“बाई,” काका उभे राहिले, “ज्या झाडाला हलवायचं असतं, त्याला विचारतात का?”

बाईंनी पुस्तक चाळलं. “खरं सांगू काका? यात लिहिलेलं नाही.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी टर्नरला कोपऱ्यात घेतलं. “तुला कुणी काही विचारलं?”

टर्नर चिंधीनं हात पुसत राहिला. तेच हात, तीच चिंधी, दोनदा. “विचारलं. प्रत्येक मशीनजवळ फळा लावायचा, हत्यारं तिथेच टांगायची. खिडकीशी यायचं कामच नाही.”

“मग तू काय म्हणालास?”

“बरं पडेल म्हणालो. चालणं वाचतं रे, गुडघे दुखतात.”

“तुझ्या गुडघ्यांसाठी माझी मान दिलीस?”

“मला काय माहीत तुझ्यापर्यंत जाईल म्हणून!”

“खिडकीशी कुणी येणार नाही, मग मी आत बसून काय करणार? पोपट पाळू?”

त्यानंतर काकांना सगळेच खणणारे दिसू लागले. कुणी ‘काय काका, बरं आहे ना?’ म्हटलं तरी ते ‘का? काय ऐकलंत?’ म्हणत.

चौथ्या दिवशी जपानी साहेब स्वतः खिडकीशी आले. हातात वही. हळू, सोप्या जपानीत त्यांनी फळ्यांची कल्पना सांगितली आणि विचारलं, तुम्हाला कसं वाटतं? काकांना जोडीदाराचं प्रमाणपत्र आठवलं. हो म्हणायचं नव्हतं, नाही म्हणायची छाती नव्हती. पण बाईंनी एक गोष्ट शिकवली होती. तिकडे तोंडावर नाही म्हणत नाहीत, दातांतून श्वास आत ओढतात आणि ‘अवघड आहे’ म्हणतात. काकांनी असा श्वास ओढला की मागच्या मांडणीवरची धूळ हलावी.

“मुझुकाशीइ देस ने,” ते म्हणाले.

साहेबांनी वही मिटली, मान लववली आणि गेले.

“झालं!” संध्याकाळी काका बायकोला म्हणाले. “आता पत्र येणार.”

पत्र आलं नाही. साहेब पुन्हा आले, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. खिडकीशी उभे राहायचे, बघायचे, जायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, “नेमकं काय अवघड आहे?”

आता मात्र काकांनी दार उघडलं. आजवर त्या दारातून कुठला साहेब आत आला नव्हता. त्यांनी कालच परत आलेला एक रीमर साहेबांच्या हातात दिला, वर भिंग दिलं. एका बाजूची धार झिजली होती, दुसरी कोरी. तोडक्यामोडक्या जपानीत आणि बाकी हातवाऱ्यांनी त्यांनी सांगितलं की हा दोष रीमरचा नाही, सहा नंबरच्या मशीनचा आहे. मशीन वाकडं धरतंय. आठवड्याभरात पंप गळायला लागतील. फळ्यावर टांगला असता तर उद्या तोच रीमर पुन्हा लागला असता. परत आलेलं हत्यार बघणारं कुणीतरी लागतं.

साहेबांनी सहा नंबर तपासायला लावलं. मशीन वाकडंच धरत होतं.

पुढच्या आठवड्यात प्रस्तावाचा कागद निघाला. असा कागद टेबलाटेबलावरून फिरतो, ज्याचा ज्याचा संबंध त्याची त्याची सही. नट आवळायचे पाने आणि रोजची हत्यारं फळ्यांवर, धारेची हत्यारं आणि मापं तपासायची गेज खिडकीतच, आणि काकांनी रोज सकाळी प्रत्येक मशीनवर फेरी मारायची. वर जपानी मूळ कागद, खाली आपल्या भाषेतला अनुवाद. कार्मिक विभागाचे अधिकारी स्वतः खिडकीशी घेऊन आले.

“अभिनंदन काका! सगळ्यांनी दोन मिनिटांत सह्या केल्या. तुमचीच राहिली.”

काकांना हेच खटकलं. इतकं गोड? त्यांनी दोन्ही कागद समोरासमोर धरले. अनुवादात दहा कलमं. जपानीत अकरा.

“परवा देतो.”

“अहो, काय वाचायचंय त्यात!”

“तेच बघतो.”

दोन संध्याकाळी शब्दकोशात गेल्या. बायको म्हणाली, “एवढं तर लग्नाआधी माझी पत्रिका आली तेव्हाही वाचलं नव्हतंत.” अकराव्या कलमाचा अर्थ लागला तेव्हा काकांनी तो पुन्हा एकदा शब्दकोशाशी ताडून पाहिला. वर्षानं पाहणी करावी आणि स्टोअर व तिथल्या माणसाची गरज आहे की नाही हे ठरवावं.

वर्गाच्या आधी त्यांनी कागद बाईंसमोर ठेवला. बाईंनी अर्थावर मान हलवली, मग अनुवाद बघून कपाळाला आठ्या घातल्या. “हा अनुवाद माझ्याकडूनच करून घेतला होता. मी अकराही केली होती, काका.”

काका अधिकाऱ्यांकडे गेले. “हे शेवटचं इकडे का नाही?”

अधिकाऱ्यांचा चेहरा उतरला. “तुम्हाला वाचता येतं?”

“फुकट शिकवलंत ना.”

“तुम्ही उगाच घाबरू नये म्हणून काढलं, दुसरं काही नाही.”

“माझी भीती माझ्याजवळच असू द्या. तुम्ही सांभाळू नका.”

आणि ते तडक जपानी साहेबांच्या टेबलाशी गेले. मानेनं नमस्कार केला, बोट अकराव्या कलमावर ठेवलं आणि रात्रभर जुळवलेलं वाक्य म्हटलं: “पाहणी कोण करणार? कुठून करणार?”

साहेबांनी अनुवाद मागवून घेतला. दहा कलमं मोजली, काकांमागोमाग धावत आलेल्या अधिकाऱ्यांकडे पाहिलं. मग काकांना विचारलं, “कुठून करावी?”

“खिडकीशी उभं राहून. महिनाभर. माझ्याबरोबर.”

साहेबांनी अकराव्या कलमाखाली ते शब्द स्वतः लिहिले आणि शेजारी आपला शिक्का मारला. वर्षानं काय होईल याची हमी त्यात नव्हती. काकांनी हमी मागितलीही नाही. हमीवरही त्यांनी भिंगच धरलं असतं.

अधिकारी कागदासाठी हात पुढे करून म्हणाले, “द्या, अनुवाद दुरुस्त करून आणतो.”

“नको,” काका म्हणाले. “मीच लिहितो.”

त्यांनी स्टोअरमध्ये जाऊन कोरा कागद घेतला आणि पहिल्या कलमापासून लिहायला बसले. अधिकारी खिडकीबाहेर या पायावरून त्या पायावर होत उभे राहिले. पाऊण तास लागला. मग काकांनी पेनाच्या टोकानं इकडची अकरा मोजली, तिकडची अकरा मोजली, पुन्हा एकदा इकडची मोजली आणि सही केली.