महादूबुवांची चौथी वाट

महादूबुवा माळी कामाला आले, की पहिले दोन दिवस काहीच करत नसत. अंगणात बूड टेकून नुसते बघत बसायचे. शेजारी ताटलीभर चुना. घरातलं माणूस जिथून गेलं, तिथं चिमूटभर चुना टाकायचा. "आधी पाय पाहा, मंग गवत," हे त्यांचं नेहमीचं. आमच्या मेहकरच्या घरी ते पहिल्यांदा आले, तेव्हा माझे यजमान वैतागून म्हणाले, "हा माळी आहे की मोजणीवाला?"

बुवांना बोलवायची वेळ आमच्याच शहाणपणानं आली होती. नणंदेच्या साक्षगंधासाठी मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, अंगणात मऊमऊ महागडी हिरवळ लावून घेतली आणि भोवती दोरी बांधली. साक्षगंध झालं, पण दोरी काही सुटली नाही. पोरं ओट्यावर, टायगर कुत्रा साखळीला. धुणं वाळत घालायला मी भिंतीच्या कडेकडेनं जायची, चोरासारखी. एवढं करून हिरवळ मेलीच! टायगर बांधल्या जागी मुतायचा, तिथं पिवळे चट्टे पडले. बाकीची उन्हानं गेली.

बुवा ते बघून हसले. "साहेब, गवतासाठी घरच्यायले बांधून ठेवलं काऊन? गवत त्याह्यच्यासाठी असते ना!"

तिसऱ्या दिवशी त्यांनी बेत सांगितला. "कुत्रं भिंतीच्या कडेनंच पळते, कितीबी शिकवा. तिथं गवत लावूच नका, मुरूम टाका. मुतायले त्याले कोपऱ्यात रेती द्या, चार दिवस तिकडे नेलं का सवय लागते. पोरायची खेळायची पट्टी उघडी राहू द्या. बाकी सारी हरळी. तुडवली तरी उठते ते."

मग ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले. मी भाजी निवडत होते.

"माय, साऱ्यायची पावलं पाह्यली. तू कपड्याच्या तारेपर्यंत जातं न् वापस येतं. फाटकाकडे तुहं एक पाऊल नाही. काऊन वं?"

मला झोंबलं. "तुम्ही तुमचं गवत बघा," मी तोडूनच टाकलं, आणि मोरीत जाऊन रडले. माझं बी.एड. झालंय. घरापासून दहा मिनिटांवर शाळा आहे, तिथं मला शिकवायचंय. विषय काढला, की मामंजी शांतपणे विचारतात, "घरात काय कमी आहे?" ओरडले असते तर भांडता तरी आलं असतं.

संध्याकाळी बुवांनी चुन्यानं वाटा आखल्या. एक टायगरची, एक पोरांची, एक मामंजींच्या फेऱ्यांची. आणि चौथी, स्वयंपाकघरापासून थेट मागच्या लहान फाटकापर्यंत.

"ही कोणासाठी?" मामंजींनी विचारलं.

"सूनबाईसाठी."

"तिला कुठं जायचंय?"

बुवा माझ्याकडं बघत थांबले. सगळेच थांबले. अहो, एका शब्दाचं उत्तर होतं! आणि माझ्या तोंडून काय निघालं, तर "चहा ठेवू का?"

बुवांनी चहा घेतला. त्या वाटेवर फरश्या मात्र त्यांनी घातल्याच. नंतर महिन्या-महिन्यानं हरळी कापायला यायचे आणि आधी तिकडं बघायचे. "माय, फरश्यायच्या वर हरळी येऊन राह्यली. चालत नाई वाटते कोणी."

"चालेन हो, बुवा."

"कवा?"

मी हसण्यावारी न्यायची. यंदा दिवाळीच्या आधी बुवा वारले, जानेफळला, त्यांच्या घरी. एसटीनं फार तर अर्धा-पाऊण तास. मी मामंजींना म्हटलं, "मी जाऊन येते."

"एकटी कशाला? रविवारी तो नेईल गाडीनं," ते म्हणाले, आणि तेही मायेनंच. रविवारी यजमानांना काम निघालं. पुढच्या रविवारी पाहुणे आले. बुवांची तेरवी होऊन गेली, मी गेलेच नाही. याची मला फार लाज वाटते.

काल दुपारी मी त्या फरश्यांवरून फाटकापर्यंत गेले. कडी काढली. शाळा सुटली होती, पोरी सायकलींवरून घराकडं निघाल्या होत्या. माझ्या पायांजवळून टायगर सुर्रकन बाहेर पडला आणि पार कोपऱ्यापर्यंत पोचला. आतून मामंजींची हाक आली, "सूनबाई, फाटक उघडं आहे का?"

मी आतच उभी राहून टायगरला परत बोलवत होते.