तीन खाचा

रविवारी सकाळी सव्वादहाला रेसिंग ट्रॅकच्या चौथ्या वळणावर एक लाल स्पोर्ट्स कार टायरांच्या भिंतीवर आदळली. गाडी माझे शेजारी वसंतराव चालवत होते. त्यांचं वय बासष्ट. त्यांना खरचटलंही नाही. गाडी त्यांच्या मुलाची, रोहनची. रोहन गेल्या वर्षी आजारपणात गेला.

ट्रॅकवर शिकवणारी मानसी धावत आली. रोहनलाही तिनेच शिकवलं होतं. तिने वसंतरावांची मान, खांदे तपासले. मग तिचं लक्ष खाली पेडलकडे गेलं.

"काका, ब्रेक पूर्ण दाबलाच नाहीत तुम्ही."

"पाय पुरला नाही."

"सकाळी विचारलं तर म्हणालात, सीट बरोबर आहे."

"रोहनने ठेवलीय तशीच आहे. उंच होता तो."



गेलेल्या माणसाच्या वस्तू आपण हलवत नाही. शर्ट खुंटीवर राहतो, चष्मा टेबलावर. त्यांच्याकडून आता कुणाला काही नको असतं, म्हणून त्या तशा राहू शकतात. गाडीच्या सीटचं तसं नाही. तिच्यावर कुणीतरी बसणार असतं, आणि त्याचे पाय वेगळे असतात.

पुढचा बंपर तुटला होता. इंजिन सुरू होत होतं. वसंतराव अजून स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते.

"सीट मी सरकवू का?" मानसीने विचारलं.

"नको. मीच करतो."

त्यांनी वाकून सीटखालचा दांडा ओढला. सीट तीन खाचा पुढे आली.