पुरणात प्रोटीन

यंदा आमच्या घरच्या महालक्ष्म्या चॉकलेटच्या चवीची प्रोटीन पावडर जेवल्या. त्यांची काहीच तक्रार नव्हती. तक्रार करणारी मंडळी समोर पंगतीत बसली होती.

मी वर्षा, मुक्काम चेरीताल, जबलपूर. एका शाळेत पंचवीस वर्षं गणित शिकवते आहे. (हे लक्षात ठेवा. शेवटी ते माझ्यावरच उलटणार आहे.) तर झालं असं, की कपाटातल्या माझ्या तमाम ब्लाउजांनी एकाच उन्हाळ्यात माझ्याशी संबंध तोडले. तेव्हा आमची लेक ऋचा (मराठी अर्धी, हिंदी दीड) सदर बाजारातल्या जिममधून एक नवंच शास्त्र घरी घेऊन आली.

"मम्मी, तू कुछ भी खा! सगळं चालतं. फक्त मॅक्रोज जमले पाहिजेत."

"सगळं? पुरणपोळीसुद्धा?"

"पुरणपोळी भी! दिवसाचं टार्गेट असतं. प्रोटीन नव्वद ग्रॅम, फॅट पन्नास, कार्ब्ज दीडशे. त्यात बसलं ना, तर काय खाल्लं ते कोणी विचारत नाही."

मी नाचायचीच बाकी होते! आजवर जे जे डाएट घरात आलं त्याचा पहिला शब्द 'बंद' असायचा. साखर बंद, तूप बंद, जिणं बंद. इथे तर नुसती बेरीज-वजाबाकी, आणि तीही माझ्यासारखीला! त्याच संध्याकाळी मी वजनाचा छोटा काटा घेऊन आले आणि घरात जे हलत नाही ते सगळं मोजत सुटले. (एकदा ह्यांचा हातही मोजला गेला. तो शेवेच्या डब्यात होता.)

पहिल्या आठवड्यात मला घरातल्या जिनसांचे खरे स्वभाव कळले. फॅट हा मोठा लबाड गडी. एका ग्रॅमला प्रोटीनच्या दुपटीहून जास्त कॅलरी. म्हणजे वरणावर तुपाची धार जरा लांबली की दिवसाचा हिशेब कोलमडला. भात त्याहून दगाबाज निघाला! शंभर ग्रॅम भात काट्यावर ठेवला, फोनमधल्या हिशेबाच्या ॲपमध्ये टाकला, आणि निम्मे कार्ब्ज खतम! वरणभातावर वाढलेली मी, चिमणीला घालतात तेवढा भात पानात घेऊन त्याच्याकडे डबडबल्या डोळ्यांनी बघू लागले. आणि प्रोटीन? ते काही केल्या भरत नाही. डाळ खा, दही खा, पनीर खा, फोनमधलं प्रोटीनचं वर्तुळ अर्धंच. तिन्ही वर्तुळं एकाच दिवशी हिरवी झालेली मी कधी पाहिलीच नव्हती.

"प्रोटीन कमी पडलं की माझी पावडर टाक ना," ऋचा म्हणाली. "बेसनाच्या चिल्ल्यात टाक, दह्यात टाक, कशातही टाक."

कशातही. हा शब्द मी फार मनावर घेतला.

तेवढ्यात महालक्ष्म्या जवळ आल्या. आमच्याकडचे पितळी मुखवटे सासूबाईंच्या सासूबाईंपासूनचे. लग्न होऊन आले तेव्हापासून दरवर्षी मी ते चिंचेने घासते, नथी घालते, साड्या नेसवते. माझा त्या दोघींवर अतोनात जीव आहे. आणि नेमका तेवढाच जीव नागपूरच्या माझ्या मोठ्या जाऊबाईंचाही आहे. यंदा सासूबाईंचे गुडघे बसले, त्यामुळे सगळा स्वयंपाक पहिल्यांदाच माझ्या एकटीवर आला. हे कळताच जाऊबाईंचा फोन.

"मी येऊन राहिली. पाहते वर्षाचं कसं काय जमते ते. नाही जमलं तर मुखवटे नागपूरला घेऊन जाईन, पुढच्या सालापासून आमच्याकडेच बसवू. चालेल ना आई?"

आणि सासूबाई चक्क म्हणाल्या, "चालेल."

म्हटलं, वर्षाबाई, यंदा पुरण असं झालं पाहिजे की नागपूरने बोटं चाटावीत!

आणि पुरण झालं हो तसं! सोन्यासारखं पिवळं, मऊसूत. पुरणयंत्रातून काढताना माझी मलाच दृष्ट लागेल असं वाटलं. पण डोक्यातला गणिताचा किडा स्वस्थ बसेना. दोन पोळ्या, त्यावर तूप, भात बंद: कार्ब्ज बसले, फॅट बसलं. प्रोटीन मात्र सपशेल नापास. एवढ्या सणाच्या दिवशी ते वर्तुळ अर्धं राहणार! मग मी माझ्या दोन पोळ्यांपुरतं पुरण (फक्त माझ्या! देवाच्या पुरणाला मी हात लावला नाही, हे कृपा करून लिहून घ्या) एका छोट्या पातेल्यात काढलं, त्यात ऋचाची पावडर भरभक्कम ओतली, गरम असतानाच घोटलं आणि पातेलं मिक्सरच्या मागे दडवून नऊवारी नेसायला गेले.

परत येते तो काय! सासूबाई स्टुलावर बसलेल्या, शेजारी जाऊबाई, आणि दोघींच्या मध्ये परातीत पुरणाचा एकच भला मोठा गोळा. रंग चिखलाचा. छोटं पातेलं शेजारी पालथं.

"काय वो वर्षा," सासूबाई कडाडल्या, "महालक्ष्म्यांच्या पुरणाचे वाटे करतात काय? नैवेद्य व्हायचा आहे अन् तू आधीच वेगळं काढून ठेवते! मी सगळं एक करून टाकलं."

"पण हे इतकं काळं काहून दिसून राहिलं?" जाऊबाईंनी चष्मा पुसला.

"गूळ," मी म्हणाले. "पनागरहून आणलाय. तिकडचा... जरा सावळा असतो."

खरं सांगावं तर मुखवटे नागपूरच्या गाडीत. लपवावं तर तीच गाडी, फक्त थोडी उशिरा. निदान चव किती बिघडली ते तरी बघावं, तर नैवेद्याआधी चाखायचं नाही! पिढ्यान्‌पिढ्या पाळलेला नियम, आणि तो नेमका आज माझ्या मुळावर आला. मी डोळे मिटून त्यात जायफळ किसलं. मग वेलची. मग पुन्हा जायफळ. ऋचा धावत आली, "मम्मी, जायफळने नींद येते!" म्हटलं, आली तर फारच बरं.

पोळ्या लाटायला जाऊबाई स्वतः बसल्या. त्या लाटत, आणि पोळी परत गोळा होई. पुन्हा लाटत, पुन्हा गोळा.

"पुरण आहे का सायकलची ट्यूब आहे बाप्पा!"

"डाळ नवीन आहे ना वहिनी, जरा ताण धरते," मी म्हणाले. (डाळ ताण धरत नाही. ताण मी धरला होता.)

आरती झाली, नैवेद्य झाला. एवढी वर्षं हसऱ्या वाटणाऱ्या त्या दोन मुखवट्यांच्या नजरेला नजर द्यायची माझी हिंमत झाली नाही. पानं वाढली. जाऊबाईंनी पोळीवर तुपाची वाटी रिकामी केली, घास मोडला (मोडला कसला, ओढून तोडला) आणि तोंडात घातला. त्या चावत राहिल्या. बराच वेळ चावत राहिल्या.

आणि तेवढ्यात शेजारच्या दुबे भाभी, ज्या दरवर्षी प्रसादाला येतात, आनंदाने ओरडल्या, "अरे वाह दीदी! इस बार चॉकलेट वाली पूरनपोली!"

ऋचाने घास हुंगला. तिचे डोळे मोठे झाले.

"मम्मी! ये तो मेरा प्रोटीन है!"

झालं! सासूबाईंचा हात पानावरच थबकला. "प्रोटीन? कशाचं? अंड्याचं आहे काय वो?"

"नाही नाही आजी," ऋचा घाईघाईने म्हणाली, "दुधाचं! पनीर करताना पाणी उरतं ना, त्याची पावडर."

सासूबाईंनी विचार केला. मी तर आधीच गेले होते.

"दूधच ना?" त्या म्हणाल्या. "मग देवीला चालते. मला नाही चालत." आणि पोळी बाजूला सारून त्यांनी कढी ओढली.

आता जाऊबाई. मी हात जोडूनच उभी राहिले. सगळं सांगून टाकलं: वर्तुळं, नव्वद ग्रॅम, छोटं पातेलं. "वहिनी, चूक झाली. पण मुखवटे नका हो नेऊ. मला त्यांच्याशिवाय करमायचं नाही." डोळ्यांत पाणी आलं, ते अगदी खरं होतं.

जाऊबाईंनी कसाबसा घास गिळला, वर पेलाभर पाणी प्याल्या आणि लांब सुस्कारा सोडला.

"राहू दे इथेच. नागपूरला तरी काय आहे? माझ्या सुनेनं परवा गणपतीला ओट्सचे मोदक केले. गणपती बसला होता म्हणून बरं, उभा असता तर निघून गेला असता! इथे निदान दुबेबाई आहेत, काय टाकलं ते लगेच सांगतात."

मी त्यांना मिठीच मारली! घरभर हसू फुटलं. दुबे भाभींनी तर आणखी एक पोळी मागून घेतली.

पण प्रसाद टाकायचा नसतो. उरलेल्या पोळ्यांचा ढीग सासूबाईंनी माझ्या पानाकडे सरकवला. "तू केलं ना? मग तूच संपव." मी बसले आणि ताणत, तोडत, चावत राहिले. शेवटी फोन उघडला. प्रोटीनचं वर्तुळ पूर्ण हिरवं! कार्ब्ज आणि फॅटकडे बघवत नव्हतं.

"बघ ऋचा! नुसता एक भातच मेला रोज सगळे कार्ब्ज खाऊन टाकतो, नाहीतर..."

ऋचाने फोन हातात घेतला, वरखाली केला आणि थांबली.

"मम्मी, ये तो कच्चे चावल का नंबर है. तू शिजलेला भात तोलून कच्च्या तांदळाचे आकडे टाकून राहिली? पाण्याचं वजन कोण धरणार? तू याच्या दुप्पट भात खाऊ शकत होती!"

दुप्पट! चिमणीचा तो घास आठवून मी कपाळाला हात लावला.

"मॅथ्स की टीचर ना तुम?" ऋचा म्हणाली.

सासूबाई आणि जाऊबाईंनी एकमेकींकडे पाहिलं, आणि पुढच्या सालची कामं तिथल्या तिथे वाटली गेली. मुखवटे जबलपुरातच राहणार. पुरण सासूबाई स्टुलावर बसून घालणार, पोळ्या जाऊबाई नागपूरहून येऊन लाटणार. आणि पंचवीस वर्षं गणित शिकवणाऱ्या मी फक्त डाळ निवडायची. मोजायची नाही.