चोवीस गाड्यांची जागा

दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली होती. जालन्याबाहेर एका बियाणे कंपनीच्या ऑफिसची इमारत उभी राहत होती आणि तिच्या आवारातल्या कामाचा मी मुकादम होतो. शिक्षण सातवी नापास. घर देवगडकडे, समुद्राकाठी; सणाला जायचं म्हटलं तरी दीड दिवस एसटीत. एवढं काम माझ्यावर सोपवलं ते इंजिनिअर मॅडमनी. त्यांनी दाखला मागितला नाही, मी बसवलेली फरशी वाकून पाहिली, बस्स.

या इमारतीला पर्यावरणाचं प्रमाणपत्र मिळवायचं होतं. पाणी, वीज, झाडं, सगळ्याला गुण. पार्किंगलाही. नगरपालिकेच्या नियमाला लागतात तेवढ्याच गाड्यांची जागा ठेवायची, म्हणजे चोवीस. एक जरी जास्त झाली तरी तो गुण जाणार, आणि आम्ही अगदी काठावर होतो. गुण गेला की प्रमाणपत्र गेलं.

मॅडमनी हे सांगितलं होतं. पण माझ्या डोक्यात चोवीस तेवढं राहिलं. जास्त केल्यानं कोणाचं बिघडतं, हे मनाला पटेचना. आमच्याकडे आंबे मोजून दिले की वर चार-दोन ठेवतात. नेमकं मोजून देणाऱ्याकडे गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. फरशीचे ब्लॉक उरले होते, मी आणखी सहा जागा बसवून टाकल्या.

तपासणीला पाच दिवस असताना मॅडम आल्या. बोटानं मोजत शेवटपर्यंत गेल्या आणि तिथंच थांबल्या.

"मेस्त्री, या सहा कोणी सांगितल्या?"

"कोणी नाही. ब्लॉक उरले होते."

"उखडा. माती भरा, झाडं लावा."

त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पाच जागा दुपारपर्यंत उखडल्या. सहावीवर जीप उभी. मालकांचे वडील रोज राजूरहून यायचे, सगळे त्यांना आबा म्हणत. जागा सावलीची, म्हणून त्यांनी ती धरून ठेवली होती.

"आबा, जीप काढावी लागते."

"का बरं? चांगली फरशी केली अन् आता उखडून राह्यला? डोकं बराबर हाये ना तुझं?"

"नियमात बसत नाही."

"गाड्यांला जागा कमी पाह्यजे, असा नियम? तुमच्या कोकणात असंल. हितं न्हाई."

दोन दिवस जीप हलली नाही. परत गेल्यावर घरी काय सांगायचं, त्याची वाक्यं मी मनात जुळवायला लागलो होतो. तिसऱ्या दिवशी मॅडमकडून मराठीत लिहून घेतलेला नियमांचा कागद पुन्हा वाचला, अगदी सावकाश. चोवीसातली दाराजवळची पहिली जागा राखीव होती: ज्या गाडीतून बरेच जण मिळून येतील तिच्यासाठी. आणि राजूर रस्त्यानं ऑफिसातले चार कारकून रोज चार मोटारसायकलींवर यायचे.

"आबा, दाराला लागून पहिली जागा तुमची. वर पत्रा. येताना फक्त त्या चौघांना घ्यायचं."

आबांनी ड्रायव्हरकडे पाहिलं. "हा तर वाटंनं बिलकुल बोलत न्हाई. घेऊ मंग. पण जीपमधी बोलायचं मी, त्यांनी ऐकायचं."

"सुटलो बाबा," ड्रायव्हर पुटपुटला.

त्याच संध्याकाळी सहावी जागाही उखडली आणि तिथं करंजाची रोपं लागली.

तपासणीचे साहेब आले, त्यांनी जागा मोजल्या. मग विचारलं, "जास्त गाड्या आल्या तर?" मॅडम एक पाऊल मागं सरल्या. "आवार यांचं आहे, यांनाच विचारा."

मी पुढं झालो. "येऊ नयेत म्हणूनच जागा कमी आहे, साहेब. सायकलींना तिकडे शेड केलंय. आणि ही पहिली जागा..."

तेवढ्यात जीप फाटकातून आत आली. चौघे उतरले तरी आबांचं बोलणं चालूच होतं. साहेबांनी मान हलवून काहीतरी लिहून घेतलं.

पुढं प्रमाणपत्र आलं. मॅडमनी सगळ्या मजुरांना बोलावलं आणि गुणांचा कागद आधी माझ्या हातात दिला. तो इंग्रजीत होता. पार्किंगच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "गुण मिळालाय, मेस्त्री. आता पुढच्या साइटचं आवारही तुमचंच."

आबांनी कागद माझ्याकडून घेतला, उलटसुलट करून पाहिला.

"ह्यातला अर्धा गुण माझा हाये," ते म्हणाले, "लिहून घ्या."