हवालदाराचं लोढणं

केदारखेड्यात काकासाहेबाला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही, आणि त्याच्याशी एकदा तरी भांडला नाही असाही सापडायचा नाही. माणूस सरळ, पण राग कायम नाकावर. बाप मेंढरं घेऊन वर्षातले सात-आठ महिने रानोमाळ फिरला. काकासाहेबानं ते फिरणं सोडलं, दोन एकरांत मिरचीच्या बियाण्याचा प्लॉट धरला, प्लास्टिकचा कागद अंथरून शेततळं केलं, तरी वीस-पंचवीस मेंढरं दारात ठेवलीच. जनावरातलं आपल्याला जेवढं कळतं तेवढं पंचक्रोशीत कुणाला कळत नाही, हे तो लग्नात सांगायचा, पारावर सांगायचा, मयतीला गेला तर तिथंही सांगायचा.

आणि खरंच कळायचं हो, वाईट तेच आहे. एखाद्या अडाण्याच्या हातून झालं असतं तर म्हटलं असतं, जाऊ द्या, त्याला काय समजतंय.

त्याचा कुत्रा हवालदार. पोरगा गोरक्षनाथ जालन्याला एमआयडीसीत सळयांच्या मिलमध्ये कामाला. सात वर्षांपूर्वी त्यानं हे पिलू मिलच्या गेटवरून उचललं आणि जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घालून मोटरसायकलवर गावी आणलं. एवढंसं होतं तेव्हापासून फाटकात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवायचं, म्हणून गोरक्षानंच नाव ठेवलं हवालदार. लांडगा नाही, चोर नाही, सात वर्षांत एक कोकरू गेलं नाही. काकासाहेब माणसांशी भांडून आला की ह्याच्याजवळ बसून सगळं गाऱ्हाणं सांगायचा, आणि हवालदार मान तिरपी करून ऐकून घ्यायचा. त्याची बायको आसराबाई म्हणायची, "माझ्याशी बोलाया तोंड दुखतं, कुत्र्याशी बराबर बोलत्यात."

हवालदाराला एकच खोड. मोटरसायकल दिसली की धावायचा. चावायचा नाही, नुसता भुंकत चाकाच्या कडेनं पळायचा. चैत्रात एक दिवस बियाण्याच्या कंपनीचा सुपरवायझर प्लॉट बघायला आला, हवालदार धावला, गाडी घसरली आणि त्या पोराचा गुडघा फुटला. पोरगा सभ्य होता, काही बोलला नाही. पण तो न बोलताच निघून गेला हे काकासाहेबाला जास्त लागलं. पुढल्या साली आपला प्लॉट काढून दुसऱ्याला देतील, गावात हसू होईल, हे सगळं त्याला त्या घटकेलाच दिसायला लागलं. तो तडक सरपणाच्या ढिगाकडं गेला.

लोढणं म्हणजे काय, हे मेंढरामागं फिरणाऱ्या घरात पोरालाही माहीत असतं. मोकाट पळणाऱ्या जनावराच्या गळ्यात लाकूड अडकवायचं. पळायला लागलं की ते पुढच्या पायांवर आपटतं, जनावर आपोआप चालीवर येतं. कुत्र्याला बांधायचं तर मनगटाएवढं, हलकं, सोलून गुळगुळीत केलेलं. काकासाहेबानं बाभळीचं मांडीएवढं खोड उचललं. सोललं नाही, काही नाही. सुतळी तिपदरी करून गळ्यात अडकवलं. हवालदार शेपूट हलवत उभा होता, त्याला वाटलं मालक लाड करतोय.

"अवो, केवढं ते! मान मोडंल त्याची," आसराबाई म्हणाली.

"मोडू दे. दोन दिस राहू दे गळ्यात, अक्कल यील."

"काढा म्हन्ते ना म्या."

"तू भाकरी थाप. जनावरातलं मला शिकवू नको!"

आता ह्यात एक गोष्ट अशी, की लोढणं घालणाऱ्या प्रत्येक धनगराला एक नियम पाठ असतो. लोढणं असलेलं जनावर पाण्यावर जाऊ द्यायचं नाही. पाण्याकडं न्यायचं तर आधी काढायचं, पाणी पाजायचं, मग परत घालायचं. काकासाहेबाच्या बापानं ह्यावरून त्याला लहानपणी काठीनं झोडपलं होतं, आणि काकासाहेबानं गोरक्षाला.

दुसऱ्या दिवशी आसराबाई सकाळच्या जीपनं भोकरदनच्या बाजाराला गेली. जीपवाला हॉर्न वाजवून राहिला होता, त्या गडबडीत दारातल्या टोपात पाणी भरायचं राहून गेलं. रोज ती भरायची. हवालदार तिथंच प्यायचा. काकासाहेब मेंढरांचे पाय बघत बसला होता, रिकामा टोप त्याच्यापासून दहा पावलांवर. त्यानं बघितला नाही असं नाही. बघितला, आणि बायकोचं काम म्हणून सोडून दिला.

ऊन चढलं. हवालदार तळ्यावर गेला. तसा तो आधीही जायचा, उन्हाळ्यात पोहायचासुद्धा. तळ्याचा कागद घसरडा, पण कोपऱ्यात गाठी मारलेला दोर सोडला होता, त्याच्या आधारानं वर यायचा. गळ्यात मांडीएवढं बाभळीचं खोड घेऊन कोण वर येतंय?

काकासाहेबाला तो दुपारी दिसला. लाकूड दोराच्या गाठींत अडकलं होतं, त्याखाली हवालदार. कागदावर नखांचे ओरखडेच ओरखडे होते. त्यानं दोराला धरून पाण्यात उतरून त्याला वर काढला. छातीशी धरला, पोटातलं पाणी काढायचा प्रयत्न केला, नावानं हाका मारल्या. मग विळ्यानं सुतळी कापली, आणि खोड नेऊन सरपणाच्या ढिगावर टाकून दिलं. का टाकलं? तेव्हा त्यालाही कळलं नसेल. हात आपलं काम करत गेले.

चार वाजता आसराबाई आली. पिशव्या फाटकातच पडल्या. तिचा पहिला प्रश्न बरोबर तोच होता.

"लोढणं व्हतं का गळ्यात?"

"न्हाई," काकासाहेब म्हणाला. "तू गेल्यावर सकाळीच काढलं म्या."

बस. एवढंच एक वाक्य. आसराबाईनं मान फिरवून टोपाकडं बघितलं. कोरडा ठणठणीत.

"मंग म्या मारलं त्याला," ती म्हणाली आणि खाली बसली.

त्याच क्षणी सांगता आलं असतं. जीभ रेटली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे आसराबाईनं चुलीवर अंघोळीचं पाणी ठेवलं आणि ढिगावरचं वरचंच खोड आत सरकवलं. काकासाहेब ओट्यावरून बघत होता. ओलं खोड, धूर धूर झाला. ती डोळे पुसत म्हणाली, "पाणी तापलं, जल्दी घ्या अंघुळ करून." अंगात कणकण आहे म्हणून तो तसाच रानात गेला, आणि मिरचीच्या सऱ्यांत बसून स्वतःच्या थोबाडीत मारून घेतल्या.

त्यानंतर आसराबाईचं एकच चाललं. टोप भरायचा, रिकामा करायचा, पुन्हा भरायचा. दारावरून जाणाऱ्या बाईला थांबवून सांगायचं, "म्या बाजाराच्या नादात पानी भरलं न्हाई वं, मुकं जनावर तहानंनं तळ्यावर गेलं अन् बुडालं." ताटातली अर्धी भाकर ठेवून उठायची. काकासाहेब म्हणायचा, "अगं, व्हतं माणसाच्या हातून, किती मनाला लावून घेती." असं समजावताना त्याला स्वतःच्या आवाजाची किळस यायची. पण समजावणं सोपं होतं. बायका म्हणायच्या, काकासाहेब लई बदलला हो, बायकोला किती जपतो! आणि हा चोरासारखा खाली बघायचा.

रोज सकाळी ठरवायचा, आज सांगू. रोज काहीतरी निघायचं. पण खरं काय ते त्याला माहीत होतं. कुत्रा मेला ह्याचं दुःख तर होतंच, त्याहून मोठी भीती ही होती की जनावरातलं सगळं कळणाऱ्या काकासाहेबानं लोढणं पाण्यावर जाऊ दिलं, हे पोराला कळेल.

मिलमध्ये माणसं कमी, गोरक्षाला सुट्टी मिळाली ती अठराव्या दिवशी, रविवारी. तो आला तोच लिंबाखाली गेला. तिथं हवालदाराला पुरलं होतं. बराच वेळ उभा राहिला. घरात आला तेव्हा डोळे लाल झाले होते, आणि दुःख झालेल्या माणसाला कुणावर तरी ओरडायचं असतंच.

"माय, येवढंसं पानी वतायचं ध्यान राह्यलं न्हाई का तुला? सात वर्सं त्यानं राखण केली. येक टोप पानी?"

आसराबाईनं उलट शब्द काढला नाही. पदर तोंडाला लावून ती नुसती मान हलवत राहिली, हो रे बाबा, हो, चुकलंच माझं. आयुष्यभर नवऱ्याला तोडीस तोड बोललेली बाई. ती अशी मान हलवताना काकासाहेबानं कधी बघितली नव्हती.

"गोरक्षा, गप," तो म्हणाला. "तिला बोलू नको. लोढणं व्हतं."

"कुठं?"

"गळ्यात. बाभळीचं. म्या बांधल्तं. काढलं न्हाई." मग थांबताच येईना. "टोप कोरडा हाय ते बी म्या बघितल्तं. मेल्यावर कापून ढिगावर टाकलं. हिला खोटं बोललो. हिनं दुसऱ्या दिशी तेच चुलीत घातलं, म्या बघत बसलो."

गोरक्षा बापाकडं बघतच राहिला. "दादा, मला तर तुम्ही ह्याच गोष्टीसाठी मारलं होतं," एवढंच म्हणाला आणि बाहेर गेला.

काकासाहेब आसराबाईच्या समोर खाली बसला. त्याला वाटलं, आता ही शिव्या देईल, हाताला येईल ते फेकून मारेल, आणि मारावं, बिलकुल मारावं. तिनं पदर तोंडावरून काढला.

"अठरा दिस झाले," ती म्हणाली. "म्या येक दिस बी त्याच्यासाठी रडले न्हाई. त्याची याद आली की मला टोपच दिसायचा. म्या माझ्याच पापासाठी रडून राह्यले व्हते." तिचा आवाज फाटला. "त्याचं तोंड बी आठवू दिलं न्हाई तुम्ही मला."

"आसरा..."

"तुम्ही बाहीर जा. मला रडू द्या त्याच्यासाठी."

काकासाहेब उठला. तो ओट्याच्या पायरीपर्यंत पोचला नसेल, तेवढ्यात आतून हंबरडा ऐकू आला, "हवालदारा, माझ्या लेकरा!" त्यालाही तिच्याजवळ जाऊन बसावं आणि दोघांनी मिळून रडावं असं फार वाटत होतं. पण तिनं बाहेर जा म्हटलं होतं. तो पायरीखाली उन्हात उभा राहिला.