चूर्णाचा गुण

शिरवण्याच्या गोजराबाईंना खायला-ल्यायला कमी नव्हतं. शेतं गेली, तिथे चाळ उभी राहिली, भाडं घरबसल्या येई. पण काळजाला थारा नव्हता. बसल्या जागी छातीत धडधड, तळहात ओले, कुकरची शिट्टी झाली तरी दचकायच्या. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, ती नवऱ्याने, गोटीरामने, मोरीत टाकली. "येड्यांची गोली हाय ती! पोरीची, मनस्वीची सोयरीक जमवाचीय, गावान कललं तं?" आणि वैदूकडून जटामांसीचं चूर्ण आणलं.

बाईंनी ते देवाचं नाव घेऊन मनोभावे घेतलं. झोप जरा बरी लागे, धडधड तशीच. शेवटी गुपचूप डॉक्टरांकडे गेल्या. ते म्हणाले, "दोन्ही एकत्र घेऊ नका. आणि गोळी सुरू केलीत की आपल्या मनाने एकदम थांबवायची नाही."

तेव्हापासून चूर्ण तुळशीत जाऊ लागलं आणि गोळी एकवीरा आईच्या टाकामागे लपली. बाई सावरल्या. नाव मात्र चूर्णाचं झालं! गोटीराम गल्लीभर डबी नाचवत फिरू लागला.

मनस्वीला बघायला करावे गावची मंडळी आली, तेव्हा धाकटी जाऊ सुनयना मदतीला होती. तिलाही तसलीच गोळी चालू होती. ती लपवत नसे, म्हणून टोमणे खाई. पाहुण्यांदेखत गोटीराम म्हणाला, "सुनयना, फेक तुजी ती गोली. जावंला बघ, चूर्णानं कशी गाय झालीय!"

"खरंच गुन आला का गो, बाय?" सुनयनाने विचारलं.

गोजराबाईंनी होणाऱ्या विहीणबाईंकडे पाहिलं.

"आला की."

सोयरीक जमली. साखरपुड्याच्या तोंडावर सुनयना चक्कीच्या वाटेवर आकडी येऊन पडली. गोळी एकदम सोडल्याने झालं, असं इस्पितळात सांगितलं. गोटीराम म्हणाला, "पथ्य पाललं नसल."

साखरपुडा थाटात झाला. दुसऱ्या दिवशी गोजराबाई शहाळं घेऊन गेल्या, खाटेवर वाकून खरं काय ते सांगितलं. सुनयनाची जीभ चावली गेली होती. कसंबसं बोलली, "तवाच सांगाचा नं गो."

"हलू बोल. पोरीचं लगीन होऊंदे, मंग सांगू सगल्यांना."

सुनयनाने भिंतीकडे तोंड फिरवलं.

तिन्हीसांजेला गोजराबाईंनी टाकामागची गोळी घेतली, मग आईपुढे दिवा लावला. वात पेटवताना हात जरासुद्धा थरथरला नाही.